थेरपी सुरू करताय? पहिल्या चार-पाच भेटींत काय घडतं

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा आहे. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी केली, मुख्य परीक्षेपर्यंत पोचून परत फिरावं लागलं, आता गावी असतो. रात्री झोप लागत नाही. अधूनमधून एकदम छातीत धडधड सुरू होते, हातापायाला मुंग्या येतात आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आला. फिजिशियननं मानसशास्त्रज्ञाकडे जायला सांगितलं, नांदेडची वेळ मिळाली आहे. तो विचारतो : तिथे नेमकं काय करतात? मी काय बोलायचं? गोळ्या सुरू होतील का? किती दिवस जावं लागेल? कुणाला कळलं, नोकरीला आडवं आलं तर? आणि घरी काय सांगू?

तुम्ही पहिल्या भेटीनंतर थोडे नाराज होऊन बाहेर पडाल, अशी बरीच शक्यता आहे, ते आत्ताच सांगून ठेवते. 'एवढं एसटीनं आलो, तासभर बोललो, पैसे दिले, आणि मॅडम नुसतं विचारतच बसल्या.' हे वाक्य मी मराठवाड्यात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मीच ते आधी बोलून टाकते. आपल्याकडे दवाखान्यात गेलं की सुई टोचतात, सलाईन लावतात, नाहीतर निदान चिठ्ठी तरी हातात देतात. इथे हातात काही पडत नाही. मग माणूस दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या भेटीनंतर यायचा बंद होतो. फोनही करत नाही. काम खरं तर तिथूनच सुरू होणार असतं. म्हणून या उत्तरात माझा भर पहिल्या चार-पाच भेटींवर आहे.

पहिल्यांदा, तुम्ही कुणाकडे चालला आहात ते बघून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते औषध लिहून देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतात. त्यातल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि त्यांना नोंदणी क्रमांक मिळालेला असतो. तो विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. मला कुणी विचारला तर बरंच वाटतं. कारण समुपदेशक अशी पाटी आज कुणीही लावतो, आठवडाभराचा ऑनलाइन कोर्स केलेलेसुद्धा. चांगले समुपदेशक आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण तुमच्यासारखी शारीरिक लक्षणं असतील तर शिक्षण काय झालंय, कुठल्या दवाखान्यात काम केलंय, एवढं तरी विचाराच.

आता पहिली भेट. ती साधारण पाऊण तास ते तासभर चालते. प्रश्न पुष्कळ असतात आणि त्यातले काही तुम्हाला विषयाला सोडून वाटतील. झोप किती वाजता लागते, मध्ये किती वेळा मोडते, सकाळी उठल्यावर कसं वाटतं. जेवण, वजन. चहा किती, तंबाखू-गुटखा-दारू किती. (इथे खरं सांगा. रात्री अभ्यासासाठी सहा कप चहा घेणाऱ्याची धडधड आणि तुमची धडधड वेगळी असू शकते.) आधी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला असा त्रास होता का, कुणी आत्महत्या केली आहे का. शेवटचा प्रश्न ऐकून लोक दचकतात. पण आपल्या भागात घराण्यात, भावकीत किंवा गल्लीत असं घडलेलं नाही असं कुटुंब शोधावं लागतं, आणि ते दुःख कुणी कधी बोललेलं नसतं. त्याच ओघात तुम्हालाही सरळ विचारतील : जीव द्यावा असं मनात येतं का? असा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट विचारल्यावर सुटल्यासारखं झालं, असं सांगणारेच जास्त भेटतात. येत असेल तर हो म्हणा. हो म्हटलं म्हणून लगेच कुणी तुम्हाला भरती करत नाही. किती वेळा येतो, काही ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलेलं असतं, हे पुढचे प्रश्न येतील. औषधाचा डबा शेतातल्या आखाड्यावर नेऊन कुलपात ठेवायचा, किल्ली भावाकडे द्यायची, असल्या अगदी साध्या गोष्टी त्याच दिवशी ठरतात, आणि त्या लाखमोलाच्या असतात.

बहुधा एखादा छापील कागदही भरायला देतील. नैराश्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे : गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. चिंतेसाठी तशीच सात प्रश्नांची आहे. ही परीक्षा नाही, आणि हे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण ती अपेक्षित उत्तर कोणतं ते शोधत बसतात. आकड्याचा उपयोग एवढाच, की दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरला की फरक दोघांनाही दिसतो. 'मला काहीच फरक नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा आकडा निम्म्यावर आलेला असतो.

बोलायचं काय याची तयारी करून जायची गरज नाही. फार तर तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या : त्रास कधीपासून, शेवटचा झटका कधी आणि कुठे आला, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. जुने रिपोर्ट न्या. थायरॉइड आणि बी-१२ तपासलेलं नसेल तर ते करून घ्यायला सांगतील. थायरॉइड वाढलेलं असेल तर हुबेहूब तुमच्यासारखीच धडधड आणि घबराट होते, आणि त्यावर तासन्‌तास बोलून काही होत नाही. रडू आलं तर येऊ द्या. टेबलावर कागदी रुमालाचा डबा त्यासाठीच ठेवलेला असतो. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर 'हे आज नको' म्हणा. आम्हाला ते चालतं.

एक खास आपल्याकडची गोष्ट. इथे पेशंट एकटा येत नाही. वडील येतात, मामा येतात, गाडी चालवायला म्हणून मित्र येतो, आणि सगळे आत येऊन बसतात. मी तुम्हाला विचारते झोप कशी आहे, उत्तर वडील देतात : 'मोबाईल बघतंय की रातभर.' त्यामुळे थोड्या वेळानं सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं जाईल. त्याचं वाईट वाटू देऊ नका, त्यांनाही वाटू देऊ नका; घरच्यांना वाटेतच सांगून ठेवा की डॉक्टर थोडा वेळ एकट्याशी बोलतात, पद्धतच आहे तशी. शेवटी तुमची हरकत नसेल तर त्यांना दहा मिनिटं आत घेऊन काय सांगायचं ते सांगतात. काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं.

यातूनच गुप्ततेचा प्रश्न येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचारांबाबतची माहिती गुप्त राहण्याचा हक्क लिहून दिलेला आहे. तुमच्या परवानगीशिवाय मी ती तुमच्या वडिलांना, गुरुजींना, होणाऱ्या सासऱ्यांना सांगू शकत नाही. अपवाद थोडे आहेत आणि चांगला मानसशास्त्रज्ञ ते पहिल्याच भेटीत सांगतो : तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर (२०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे), किंवा न्यायालयानं मागितलं तर. सांगितले नाहीत तर तुम्ही विचारा. नोकरीचं म्हणाल, तर थेरपी घेणाऱ्यांची नावं आम्ही कुठल्या कचेरीला कळवत नाही, तशी कुठली यादीच नसते. खरी भीती वेगळी आहे, ती म्हणजे दवाखान्याच्या बाकावर गावातलं कुणी भेटलं तर. त्याला माझ्याकडे उपाय नाही, एवढंच सांगते की ते गृहस्थही तिथे बसलेलेच असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत चित्र बदलायला लागतं. तोवर गोळा झालेल्या माहितीवरून त्रास कसा सुरू झाला आणि मुख्य म्हणजे तो टिकून का राहिलाय, याचा एक नकाशा तुमच्यासमोर मांडतात. तुमच्या तीन-चार ओळींवरून मी निदान करणार नाही, पण तुम्ही वर्णन केलंय तशा झटक्यांमध्ये बहुतेक वेळा काय घडतं ते सांगते. छातीत जरासं धडधडतं : जिना चढल्यानं, चहानं, काहीही. मनात येतं, हार्ट अटॅक. भीतीनं श्वास भराभर आणि उथळ चालू होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून मुंग्या, चक्कर, बोटं आखडणं सुरू होतं. ते बघून खात्रीच पटते की आता संपलं. भीती आणखी वाढते, श्वास आणखी भराभर. हा फेरा साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपोआप उतरतो. पण तोवर तुम्ही दवाखाना गाठलेला असतो, सलाईन लागलेलं असतं, आणि मनात नोंद होते की सलाईननं वाचलो. पुढच्या वेळी दवाखाना लांब असेल तर भीती दुप्पट. हळूहळू माणूस एसटीत बसायचं सोडतो, बाजाराला जायचं सोडतो, एकटं झोपायचं सोडतो.

हे कागदावर काढून दाखवल्यावर बरेच जण हसतात. 'एवढंच आहे होय.' पण कळणं आणि अंगवळणी पडणं यात अंतर आहे. म्हणून चौथ्या-पाचव्या भेटीत कदाचित तुम्हाला खोलीतच मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतील किंवा गोल फिरणाऱ्या खुर्चीवर फिरवतील. त्याच मुंग्या येतील, तीच चक्कर. मग आपण दोघं बसून बघतो की ते कसं उतरतं, सलाईन न लावता. ऐकायला विचित्र वाटतं, पण घबराटीच्या झटक्यांवर हा नीट अभ्यासलेला उपाय आहे. (हृदयाचा, दम्याचा किंवा फिटचा आजार असेल तर आधी सांगायचं, म्हणजे हा सराव टाळता येतो. आणि हे प्रयोग घरी एकट्यानं करून बघू नका.)

गृहपाठ मिळतो, हेही आधी माहीत असू द्या. वहीत चार रकाने आखायचे आणि घटना घडेल तेव्हा भरायचे. एक नमुना दाखवते, तुमच्यासारख्याच मुलांच्या वह्या वाचून मी तयार केलेला :

काय घडलं : रविवार, रात्री आठ, पारावर. चुलते म्हणाले, 'काय साहेब, निकाल कवा लागायलाय?'
मनात काय आलं : सगळ्यांना माहितीय की आपलं काही होत नाही. बापाचं शेत विकून शिकलो नि रिकामा बसलो.
अंगात काय झालं : छातीत धडधड, कान गरम, घबराट शंभरात ऐंशी. उठून घरी आलो.
दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर काय म्हटलो असतो : चुलते सगळ्यांनाच विचारतात. गेल्या आठवड्यात पक्याला लग्नाचं विचारलं. शेत विकलेलं नाही, पीककर्ज काढलंय.

शेवटच्या रकान्यातलं ते 'शेत विकलेलं नाही' बघा. लिहायला बसला नसता तर मनातल्या मनात शेत विकलेलंच राहिलं असतं. घडलेली गोष्ट आणि तिच्याबद्दल आपण केलेला विचार वेगळा काढायचा, ही पद्धत अल्बर्ट एलिस आणि एरन बेक या अमेरिकी तज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडली. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. तुमच्या मानसशास्त्रज्ञाची पद्धत हीच असेल असं नाही. काही जण भूतकाळावर जास्त वेळ देतात, काही कुटुंबाला एकत्र बसवतात. कोणत्या पद्धतीनं चाललोय आणि का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

झोपेसाठी मात्र सगळ्यांचा सल्ला साधारण सारखाच निघेल, म्हणून लवकर उरकते. उठायची वेळ रोज एकच, झोप लागली असो-नसो. दुपारची झोप बंद. खाटेवर पुस्तक-मोबाईल घेऊन लोळायचं नाही; वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बाहेर बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. पहिला आठवडा जड जातो.

आता तो टप्पा, जिथे माणसं गळतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीच्या सुमाराला बऱ्याच जणांना आधीपेक्षा वाईट वाटायला लागतं. दाबून ठेवलेलं वर आलेलं असतं, गृहपाठ कंटाळवाणा असतो, आणि वर मानसशास्त्रज्ञाचं एखादं वाक्य खटकलेलं असतं. तुमच्या बाबतीत ते बहुधा असं असेल : 'परीक्षेशिवाय दुसरा काही विचार केलाय का?' तुम्हाला वाटेल, हेही घरच्यांसारखंच बोलले. हे घडलं की त्याच खोलीत, त्याच माणसासमोर बोला. 'मागच्या वेळचं तुमचं ते वाक्य मला लागलं' किंवा 'तीन वेळा आलो, मला उपयोग होतोय असं वाटत नाही.' आपल्याकडे मोठ्या माणसाला, त्यातून डॉक्टर म्हणवणाऱ्याला, असं तोंडावर बोलायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या एका वाक्यानं थेरपी जितकी पुढे सरकते तितकी दुसऱ्या कशानं क्वचितच. ऐकून समोरचा चिडला, तुम्हालाच दोष देऊ लागला, तर बदला, काही बिघडत नाही. शांतपणे ऐकून घेतलं, पद्धत बदलली, तर तुम्हाला योग्य माणूस मिळालाय.

काही गोष्टी घडल्या तर मात्र थांबून विचार करत बसू नका, सोडा : तुमच्या जातीवरून शेरेबाजी, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नावानिशी सांगणं, अंगाशी लगट करणं, बाहेर भेटायला बोलावणं, उसने पैसे मागणं, 'एकवीस दिवसांत शंभर टक्के बरा' अशी हमी.

किती दिवस? घबराट आणि चिंतेसाठी आठवड्याला एक याप्रमाणे साधारण बारा ते वीस भेटी, हा बोधात्मक, म्हणजे वरच्या वहीसारख्या विचार तपासण्याच्या, पद्धतीचा ढोबळ हिशेब. लहानपणापासूनचा त्रास असेल तर जास्त. परभणीहून दर आठवड्याला नांदेडला येणं खर्चाचं आहे. सुरुवातीच्या काही भेटी समोरासमोर आणि मग एकाआड एक व्हिडिओवर, असं बऱ्याच ठिकाणी जमतं. व्हिडिओसाठी घरात पत्र्यापलीकडे आजी ऐकत नसेल अशी जागा आधी शोधा. शेतात नेटवर्क असेल तर शेत उत्तम.

गोळ्यांची गरज पडेलच असं नाही. झोप, जेवण आणि काम पार विस्कटलं असेल, किंवा मरणाचे विचार जोरात असतील, तर मानसशास्त्रज्ञ तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. त्या गोळ्यांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, क्वचित जास्तही. पहिल्या आठवड्यात मळमळ-बेचैनी होऊ शकते आणि नेमक्या तेव्हाच लोक बंद करतात. मनानं बंद करू नका, आणि मित्राला चालू असलेली झोपेची गोळी तर अजिबात घेऊ नका.

पैशाची अडचण असेल तर खाजगीच पाहिजे असं नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. गर्दी असते, प्रत्येकाला तासभर मिळत नाही, पण निदान आणि औषध चांगलं मिळतं. राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही जुनी मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर असल्यानं आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं की मनाचा दवाखाना म्हणजे लांब कुठेतरी कोंडून ठेवणं. तुमच्या त्रासाला ओपीडीची पायरी पुरते. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो, मराठीतही. मरणाचा विचार जोर करत असेल तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका : हा क्रमांक लावा आणि घरातल्या एकाला उठवून जवळ बसवा.

घरी काय सांगायचं? आई म्हणेल नजर लागली, काकू म्हणेल अमक्या ठिकाणी नेऊन आणू. दर्शनाला जायचं असेल तर जा, त्यावरून घरात वाद घालू नका. फक्त देवऋषानं उपचार बंद करायला सांगितले, कोंडलं, मारहाण केली, तर तिथे थांबायचं नाही. राज्यात २०१३ पासून अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे. वडिलांना 'मानसिक' या शब्दानं धक्का बसणार असेल तर 'झोपेचा आणि छातीच्या धडधडीचा इलाज चालू आहे, फिजिशियननंच पाठवलंय' एवढं सांगा. त्यात खोटं काही नाही. बाकीचं दोन महिन्यांनी, तुम्ही नीट झोपायला लागल्यावर सांगितलं तरी चालतं.

भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून फी किती, भेट किती वेळाची आणि यायला जमलं नाही तर काय नियम आहे, ते विचारून घ्या. एसटीच्या भरवशावर येणार असाल तर सकाळची पहिली वेळ घेऊ नका, अकराच्या पुढची मागा.